बेट म्हणजे नुसती पुळण नव्हे

“कुठलं का बेट असेना, पाणी निळं असलं म्हणजे झालं.” दिवाळीत घरी सगळे जमले होते तेव्हा हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. निमित्त भाचीचं. ती न्यू जर्सीत असते, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. मार्चमध्ये आठवडाभराची रजा काढून कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर जायचं तिच्या मनात आहे. कुठे जावं, असं ती फोनवर एकेकाला विचारत होती. सल्ला देणाऱ्यांत तिकडे जाऊन आलेले होते आणि कधीच न गेलेलेही होते, पण सल्ला सगळ्यांचा एकच. ऐकताना मला आधी कंटाळा आला, मग राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हा सल्ला आमच्या घरापुरता नाही. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत तो चालतो, पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांतही तोच असतो. तो असा: कॅरिबियनची बेटं सगळी सारखी. समुद्र, माड आणि वाळू यांपलीकडे तिथे पाहण्याजोगं काही नाही, म्हणून बेट निवडण्यात डोकं घालू नका, हॉटेल निवडा. राहणं, खाणं, पोहणं, करमणूक सगळं एकाच रकमेत मिळेल असं. शाकाहाऱ्यांचे हाल होतात आणि लूटमार फार, तेव्हा फाटकाबाहेर पाऊल टाकू नका. त्याहून बरं म्हणजे मोठ्या जहाजाचं तिकीट काढा, आठवड्यात चार-पाच बेटं उरकतात. आणि मन खात असेल तर समजूत ठेवा की त्या लोकांच्या चुली आपल्याच पैशांवर पेटतात.

यातलं एकही विधान जसंच्या तसं तपासाला टिकत नाही.

बेटं सारखी कशी? कॅरिबियन समुद्राच्या बेटांवर 13 स्वतंत्र देश आहेत. शिवाय फ्रान्स, नेदरलँड्स, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या ताब्यातली बेटं वेगळी. क्युबात स्पॅनिश बोलतात, हैतीत क्रेओल, कुरासावमध्ये पापियामेंतो. जमैकापासून त्रिनिदाद सुमारे 1,800 किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबईहून कोलकात्यापेक्षा लांब. बार्बाडोस प्रवाळाच्या चुनखडीचं, डोमिनिका ज्वालामुखीच्या डोंगरांचं. त्रिनिदाद तर मुळात दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा. व्हेनेझुएलाचा किनारा तिथून जेमतेम 11 किलोमीटरवर दिसतो आणि बेटाच्या जंगलांत त्या खंडाचीच हाउलर माकडं आणि मुंगीखाऊ आहेत. रत्नागिरीलाही समुद्र आहे आणि रामेश्वरलाही. म्हणून कोणी दोन्ही गावं सारखी म्हणेल का?

हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. क्रिकेट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला सोबर्स बार्बाडोसचे, रिचर्ड्स अँटिग्वाचे, होल्डिंग जमैकाचे आणि लारा त्रिनिदादचा हे पाठ असतं. वेस्ट इंडिज नावाचा देश नाही, अनेक देश मिळून एक संघ उतरतो, हे आपण लहानपणीच शिकलो. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते त्रिनिदादच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात 112 धावा केल्या आणि सुनील गावसकरांचं पदार्पण तिथेच झालं. ही नावं आणि मैदानं ज्यांच्या जिभेवर आहेत, त्यांनीच सुट्टीची वेळ आली की सगळ्या बेटांचा एकच निळा पट्टा करावा, याचा मला जास्त राग येतो.

बेटं सारखी मानण्याची किंमतही मोजावी लागते. चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. सप्टेंबरात पॅकेज स्वस्त मिळतं ते याच कारणाने. 18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया वादळाने डोमिनिकाची धूळधाण केली. 1 जुलै 2024 रोजी बेरिल वादळ ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर आदळलं. त्रिनिदाद या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला असल्याने त्याला अशा वादळांचा फटका क्वचितच बसतो. नकाशा न उघडता फक्त दर पाहून तारीख ठरवणं याला आखणी म्हणता येत नाही.

दुसरं विधान मला सगळ्यात जास्त लागलं: तिथे पाहण्यासारखं काही नाही. हे मोठ्या माणसांनीही म्हटलेलं आहे. व्ही. एस. नायपॉल त्रिनिदादच्या चागुआनास गावचे, भारतातून करारावर नेलेल्या मजुरांच्या घरातले. 1962 च्या ‘द मिडल पॅसेज’मध्ये त्यांनी वेस्ट इंडिजमध्ये काही निर्माणच झालं नाही, अशा अर्थाचा निकाल देऊन टाकला. तीस वर्षांनी सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट नोबेल पारितोषिक घ्यायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपलं भाषण सुरू केलं ते चागुआनासला लागूनच असलेल्या फेलिसिटी गावातल्या रामलीलेपासून. उसाच्या मळ्यांत राबायला आणलेल्या माणसांची पोरं-नातवंडं मैदानात धनुष्यबाण घेऊन रामायण उभं करतात, हे त्या कवीला जगासमोर सांगण्याजोगं वाटलं. या वादात मी वॉलकॉट यांच्या बाजूची आहे, आणि पुरावा त्रिनिदादच्या रस्त्यारस्त्यावर आहे.

30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचलं. इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामी 1838 मध्ये पुरती संपली होती आणि साखरेच्या मळेवाल्यांना हात हवे होते. पुढच्या 72 वर्षांत जवळजवळ दीड लाख माणसं पाच-पाच वर्षांच्या करारावर तिथे नेली गेली. करार म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’, त्याचं त्यांच्या तोंडी झालं गिरमिट. बहुतेक माणसं भोजपुरी आणि अवधी मुलखातली. आपली कोकणातली माणसं अशीच मॉरिशसला गेली, त्रिनिदादला नाही. पण ही पद्धत बंद व्हावी म्हणून 1912 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला तो पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला. 1917 मध्ये मजूरभरती थांबली ती गोखले गेल्यानंतर. ज्या माणसांसाठी गोखले भांडले, त्यांचे पणतू-खापरपणतू ज्या बेटावर राहतात, तिथे आपल्याला पाहण्यासारखं काही नाही?

त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉटरलू नावाचं गाव आहे. तिथल्या शिवदास साधू नावाच्या मजुराने 1947 मध्ये किनाऱ्यावर एक छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. 1952 मध्ये देऊळ पाडलं गेलं आणि साधूला 14 दिवसांची कैद झाली. जमीन देवाला जागा देत नाही, तर समुद्र देईल, असं म्हणून तो उथळ पाण्यात भर घालू लागला. सायकलवरून दगड, सिमेंट आणि वाळू वाहत त्याने वर्षानुवर्षं हे काम केलं. आज तिथे नव्याने बांधलेलं देऊळ आहे, बाजूला प्रार्थनेची निशाणं फडकतात, ओहोटीला भोवती चिखल दिसतो. तिथलं पाणी निळं नाही. ओरिनोको नदी दक्षिण अमेरिकेचा गाळ आणून त्या समुद्रात सोडते, म्हणून ते मातकट असतं. निळ्या पाण्याच्या अटीवर बेट निवडणाऱ्याला हे देऊळ कधी दिसणार नाही.

आणि त्रिनिदादचं स्टीलपॅन हे वाद्य? वसाहतीच्या सरकारने एकोणिसाव्या शतकात आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या चामडी ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. मग बिस्किटांचे डबे आले आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपं. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी 1930 आणि 40 च्या दशकांत त्या पिंपांचे तळ ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 11 ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. फेकून दिलेल्या पिंपातून वाद्य घडवणाऱ्यांच्या मुलखाला ‘काही नसलेला’ म्हणण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

यावर ठरलेलं उत्तर येतं: सुट्टी विश्रांतीसाठी असते, इतिहासाच्या तासाला कोण बसणार? विश्रांती हवीच, तिच्याशी माझं भांडण नाही. पण विश्रांती म्हणजे रिकामपण, हे मला मान्य नाही. हीच मंडळी मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या वेळासला जातात. गावकऱ्यांच्या घरी उतरतात, पानात येईल ते जेवतात, भल्या पहाटे पुळणीवर उभं राहून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सरकताना पाहतात. परतल्यावर महिनाभर तेच सांगतात. ती विश्रांती नव्हती का? त्रिनिदादच्या ईशान्य किनाऱ्यावर मातुरा आणि ग्रांद रिव्हिएर इथे मार्च ते ऑगस्टमध्ये लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. एकेक मादी पाचशे किलोच्या घरातली. एके काळी मातुऱ्यात ती मांसासाठी मारली जात. 1990 पासून गावातल्याच लोकांनी राखण धरली आणि आता परवाना काढून, गावच्या वाटाड्याबरोबर, पांढरा उजेड न पाडता रात्री तिथे जाता येतं. वेळास ज्याला कळलं, त्याला मातुरा समजायला अडचण पडू नये. मग कॅरिबियन म्हटलं की आपली ही समज घरी का राहते?

शिवाय त्रिनिदादमध्येच संध्याकाळी कारोनीच्या खारफुटीत नाव घातली की हजारो लाल शराटी पक्षी झाडांवर उतरताना दिसतात. दक्षिणेला ला ब्रेआचं डांबराचं तळं आहे, सुमारे शंभर एकरांचं. वॉल्टर रॅलेने 1595 मध्ये त्याच डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या. त्याच देशातल्या टोबॅगो बेटावरचं मेन रिजचं जंगल पाऊस टिकावा म्हणून 1776 मध्ये कायद्याने राखलं गेलं. जंगल तोडलं तर पाऊस जातो, हे त्या छोट्या बेटाने अडीचशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलं. आरामखुर्चीवर सात दिवस पडून अकरा वर्षांच्या मुलाला यातलं काय मिळणार आहे?

आता खाण्याचे हाल. हे विधान ऐकलं की कळतं, बोलणाऱ्याने चौकशीच केलेली नाही. त्रिनिदादच्या रस्त्यावर सकाळी लोक ‘डबल्स’ खातात. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ ‘बारा’, म्हणजे आपल्या वड्याचेच भाऊबंद, त्यांत काबुली चण्यांची उसळ, वर चिंचेची चटणी आणि कैरीच्या किसाचं ‘कुचेला’. तिखट किती, असं गाडीवाला विचारतो. बेताचं हवं असेल तर ‘स्लाइट’ म्हणायचं. ‘दालपुरी’ म्हणजे वाटाण्याच्या डाळीचं तिखटमिठाचं पुरण भरलेली मोठी पोळी. भाजलेल्या वांग्याच्या भरताला तिथे ‘बैगन चोका’ म्हणतात. ‘सहीना’ अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळतात, आपल्या अळुवडीसारखी. आणि अळू, भेंडी आणि नारळाचं दूध घालून केलेलं ‘कॅललू’ हे आपल्या फदफद्याच्या जवळचं. त्यात कधी खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं, तेवढं विचारून घ्यावं. जगात फार थोड्या परक्या देशांत मराठी शाकाहारी माणूस रस्त्याच्या कडेला उभं राहून इतका निर्धास्त जेवू शकेल. या पदार्थांपासून वाचण्यासाठी जादा पैसे मोजून फाटकाआड बसायचं, हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी चुकीचाच आहे.

लुटमारीच्या भीतीला मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्रिनिदादमध्ये टोळ्यांची हिंसा गंभीर आहे. 2024 च्या डिसेंबरअखेर तिथल्या सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. म्हणून जायच्या आधी परिस्थिती पाहावी, कुठल्या वस्त्या टाळायच्या हे विचारावं, रात्री अनोळखी भागात भटकू नये, ओळखीचा टॅक्सीवाला धरावा. पण सावधपणा वेगळा आणि अख्ख्या देशाला धोका मानणं वेगळं. त्या हिंसेत मरतात ते मुख्यतः तिथलेच गरीब तरुण. त्याच देशात सकाळी मुलं शाळेत जातात, मॅक्सी टॅक्सीला माणसं रांगेत उभी राहतात, फगव्याला, म्हणजे होळीला, पिचकाऱ्या उडतात आणि सेंट जेम्सच्या रस्त्यावर मोहरमचे ताजिये निघतात. मुंबईबद्दल एखाद्या परक्याने ‘विमानतळावरून थेट हॉटेलात जा, बाहेर पडू नका’ असं लिहिलं तर आपल्याला कसं वाटेल?

जहाजाचं काय? बंदरात सकाळी उतरायचं, संध्याकाळी परतायचं. मधल्या सहा-सात तासांत बंदराजवळची दुकानं आणि एखादी पुळण. असं चार-पाचदा केलं की चार-पाच बेटं ‘झाली’. कोणी सकाळी पंढरपुरात उतरून, महाद्वारातली दुकानं पाहून, चंद्रभागाही न बघता दुपारी निघाला, तर पंढरपूर झालं असं आपण म्हणू का? बेट कळायला एक आठवडाही थोडाच पडतो. एका आठवड्यात पाच बेटं करणाऱ्याकडे पाच बंदरांचे फोटो राहतात.

शेवटचं विधान पैशांचं, आणि ते सगळ्यात उद्धट आहे. आपल्यावर त्यांचं पोट चालतं? त्रिनिदादमध्ये 1857 मध्येच तेलाची विहीर खणली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो देश तेलावर आणि पुढे नैसर्गिक वायूवर चालत आला आहे, पर्यटनावर नाही. जी बेटं खरोखर पर्यटकांवर जगतात, बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा, टोबॅगो, तिथे तर प्रश्न आणखी टोकदार होतो: आपला पैसा कोणाच्या हातात पडतो? सगळे पैसे घर सोडण्याआधीच परदेशातल्या कंपनीला भरून पाहुणा फाटकाआड राहिला, तर डबल्सच्या गाडीला, मातुऱ्याच्या वाटाड्याला, कारोनीच्या नावाड्याला त्यातलं काय मिळतं? जमैकात 1956 चा, इंग्रजांच्या काळातला किनारा नियंत्रण कायदा आहे. त्या कायद्यानुसार तिथल्या माणसाला स्वतःच्या देशाच्या किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्कच नाही. हॉटेलांच्या भिंती पाण्यापर्यंत जातात आणि गावकरी आजही त्याविरुद्ध लढत आहेत. ज्या पुळणीवर तिथल्या मुलाला पाय ठेवता येत नाही, तिथे आरामखुर्ची टाकून आपण त्याच्यावर उपकार करतो, असं समजणं मला सहन होत नाही.

म्हणून भाचीला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. आधी बेट निवड, हॉटेल नंतर. एकच बेट निवड. बेटाचं पंचांग बघ. त्रिनिदादचं असं: कोरडा ऋतू जानेवारी ते मे, कार्निव्हल ख्रिश्चनांचा उपासकाळ सुरू होण्याआधीच्या सोमवारी-मंगळवारी, फगवा आपल्या होळीच्या सुमारास, कासवं मार्चपासून. न्यू यॉर्कहून पोर्ट ऑफ स्पेन पाच तासांवर आहे. चार रात्री त्रिनिदादमध्ये एखाद्या घरगुती अतिथीगृहात राहा, मग वीस-पंचवीस मिनिटांच्या विमानाने टोबॅगोला जा आणि तीन रात्री हवं तेवढं पाण्यात डुंब, तिथलं पाणी निळं आहे. जे भारतातून निघणार असतील त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की थेट विमान नाही आणि अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो. चौकशी तिथूनच सुरू करावी.

हे सगळं करायला कष्ट पडतात, कबूल. नकाशा उघडावा लागतो, चार फोन करावे लागतात, थोडं वाचावं लागतं. पण ज्या माणसांच्या पूर्वजांना, त्यांची नावं कागदावर चुकीची लिहून, साखरेसाठी मोजून जहाजात भरून तिथे नेलं गेलं, त्यांच्या दारी जाताना एवढे कष्ट घेणं ही साधी माणुसकी आहे. त्यांना एकदा आकड्यांत मोजून झालेलं आहे. आपण जाऊ तेव्हा नावाने हाक मारू, शेजारी उभं राहून डबल्स खाऊ, वॉटरलूच्या देवळात ओहोटीच्या चिखलाकडे बघत दोन मिनिटं उभं राहू. बेट कुठलंही चालत नाही. बेटाला नाव असतं, आणि सुट्टीची आखणी त्या नावापासूनच सुरू झाली पाहिजे.